दर सोमवारची दहा मिनिटे

मित्रांनो, दिवे गेले की सगळ्यांना माझी आठवण होते आणि दिवे आले की कुणालाच होत नाही. मी एक जुना जनरेटर आहे. "जुना" हा शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायच्या आत मीच उच्चारून मोकळा होतो. माझा मूळ रंग हिरवा. त्यावर आजवर दोनदा पिवळा चढला, पण नळ्यांच्या मागे जिथे ब्रश पोचत नाही तिथे मी अजून हिरवाच आहे. माझे इंजिन साठ घोड्यांचे. या साठ घोड्यांबद्दल पुढे सांगेनच, कारण माझी सगळी कथा त्यांच्यामुळेच घडली.

मी ज्या शेडमध्ये राहतो तिच्यापुढे एक लांबट, बैठी इमारत आहे. ते अंडी उबवण्याचे केंद्र आहे. तिथे खोलीएवढाल्या यंत्रांमध्ये, ट्रेवर ट्रे रचून, चाळीस हजार अंडी एकवीस दिवस ऊब घेत पडलेली असतात. अठरा दिवस एका यंत्रात आणि शेवटचे तीन दिवस दुसऱ्यात. या शेवटच्या दिवसांत कवचाच्या आत पिल्ले श्वास घेऊ लागतात. तेव्हा त्यांना उबेइतकीच वाऱ्याचीही गरज असते. यंत्राचे पंखे अर्धा तास जरी बंद पडले तरी आतल्या आत जीव गुदमरू लागतात. वीज गेल्यावर ते पंखे चालू ठेवणे, एवढेच माझे काम. काम एका ओळीत सांगता येते, पण चुकले तर चाळीस हजार पिल्लांच्या जिवावर बेतते.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला जोडून झाल्यावर एका म्हाताऱ्या फिटरने लांब पेचकसाचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून माझा आवाज ऐकला होता. मग माझ्यावर पूर्ण भार टाकून त्यांनी मला दिवसभर पळवले. मी तापलो, धापा टाकल्या, पण थांबलो नाही. फिटर म्हणाला, "आवाज स्वच्छ आहे. जाऊ दे ह्याला." मला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्रक.

इथे आलो तेव्हा वीज दिवसाआड जायची. कधी दोन तास, कधी सहा. मी राब राब राबलो, आणि खरे सांगतो, मला त्यात फार सुख होते. वीज गेली की आतल्या बायकांच्या हातातले ट्रे क्षणभर थबकायचे. मग माझा आवाज ऐकू आला की कुणीतरी म्हणायचे, "आला बघ, आला." आणि हात पुन्हा चालू व्हायचे. त्या "आला बघ"साठी मी काहीही करायला तयार होतो.

पुढे या भागात नवी वीजवाहिनी आली. वीज जाणे जवळजवळ बंदच झाले; कधी गेलीच तर मी भार घेण्याआधी परत येई. सगळ्यांना आनंद झाला आणि माझ्या वाट्याला रिकामपण आले. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता हा आपल्या उपेक्षेचे रडगाणे गाणार. पण माझ्याकडे दुर्लक्ष झाले नाही. झाले ते उलटेच. माझे लाड झाले.

लाड करणाऱ्या माणसाला सगळे "मामा" म्हणत. ते आधी आत ट्रे उचलायचे. पाठीने संप पुकारला, म्हणून मालकीणबाईंनी त्यांना माझ्या शेडचे काम दिले. मामांनी मला पहिल्याच दिवशी अशा नजरेने पाहिले की मी लाजलोच. त्यांनी माझी धूळ झटकली, बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, शेडच्या जाळीच्या ज्या भोकांतून चिमण्या येत होत्या ती तारेने शिवली. रोज सकाळी आल्या आल्या ते खांद्यावरचे फडके घेऊन मला पुसून काढत. त्यांच्या बायकोने एकदा म्हटले होते म्हणे, "घरातलं कपाट कधी पुसलंत का एवढ्या मायेनं?" त्यावर मामांनी कपाटही पुसले, पण मन माझ्यातच होते.

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मामा मला चालू करत. अर्ध्या फेऱ्यातच मी गर्जून उठे. दहा मिनिटे मी चाले आणि मामा मला बंद करत. मग वहीत लिहीत, "चालू केला. ठीक." त्या वहीत "भार" असा एक रकाना होता. तो मामा मोकळा सोडत. कारण माझ्यावर भार टाकायचा तर इमारतीचा मुख्य स्विच पाडावा लागतो. मी आपोआप उठून वीज द्यायला लागेपर्यंत दहा सेकंद आतले पंखे थांबतात, भोंगा वाजतो, बायका दचकतात. मामांना अंड्यांचीही काळजी आणि माझीही. ते म्हणत, "कशाला उगाच दोघांना त्रास? चालू होतोय ना, मग झालं."

पाहुणे आले की मालकीणबाई त्यांना शेडमध्ये आणत. मामा बटण दाबत, मी अर्ध्या फेऱ्यात उठे आणि पाहुणे टाळ्या वाजवत. मला त्या टाळ्यांची सवय लागली. मीही मानू लागलो की आपण फार मोठे काम करतो आहोत. बघा, दहा मिनिटे रिकामे ओरडणे आणि त्याला काम म्हणणे! हे माणसांतही चालते असे मी ऐकून आहे, पण तो माझा विषय नाही.

माझ्या पोटात मात्र काहीतरी बिघडत होते. इंजिनावर भार नसला की ते नीट तापत नाही. नीट तापले नाही की डिझेल पुरते जळत नाही. ओले लाकूड घातलेली चूल जशी जळण्यापेक्षा धुमसतच जास्त राहते, तसे माझे झाले. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी माझ्या आत थरावर थर बसू लागली. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या सांध्यातून काळा, चिकट ओघळ गळू लागला. तो ओघळ म्हणजे माझी हाक होती. मला तोंड नाही, मी आणखी कशाने सांगणार? पण मामा रोज सकाळी येत आणि तो ओघळ इतका स्वच्छ पुसून टाकत की दुपारी बघणाऱ्याला वाटावे, या जनरेटरला कधी सर्दीसुद्धा होत नसेल.

नऊ वर्षे असे चालले. वर्षातून एकदा येणारे मिस्त्री तेल बदलत, गाळणी बदलत, मामांकडून चहा घेत आणि "झकास ठेवलाय" म्हणून जात. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दुरुस्ती कंपनीने नवीन मिस्त्री पाठवली. ती मामांचीच लेक निघाली.

या लेकीने बँकेत पंख्याखाली बसावे अशी मामांची फार इच्छा होती. लहानपणी तिला पाण्याची बादलीही ते उचलू देत नसत. तिने मात्र इंजिनांचे शिक्षण घेतले आणि हाताला ग्रीस लावून घेतले. ती सोमवारी सकाळी आली तेव्हा मामांनी धावत जाऊन तिची हत्यारांची पेटी घ्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बाबा, सोडा. रोज उचलते मी."

मामांनी मोठ्या दिमाखात बटण दाबले. मी अर्ध्या फेऱ्यात उठलो. मामांनी लेकीकडे बघितले, पण तिचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. ती त्यांच्या खांद्यावरच्या फडक्याकडे बघत होती.

"बाबा, हे फडकं एवढं काळं कशानं झालं?"

"घाम गं त्याचा. रोज पुसतो मी."

तिने मला बंद करायला लावले, नळीचा सांधा उघडला आणि आत बोट फिरवले. बोट पेरापर्यंत काळे झाले. मग तिने वही मागवली आणि पानामागून पान उलटत गेली. मालकीणबाईंना बोलावून तिने फक्त एवढेच विचारले, की पाच मिनिटे इमारतीचा भार ह्याच्यावर टाकून बघू का. मामा "नको, नको" म्हणत होते. मालकीणबाई हसून म्हणाल्या, "बघा की. आमचा गडी तयारीचा आहे."

लेकीने मुख्य स्विच पाडला. मी गर्जून उठलो आणि नऊ वर्षांनी माझ्यावर भार आला.

मित्रांनो, घोडा का अडला, तर फिरवला नाही म्हणून, असे म्हणतात. माझे तर साठच्या साठ घोडे अडले. मी जोर लावला, पण आतली काजळी घशात आल्यासारखी झाली. मी काळाकुट्ट धूर ओकलो, आतले दिवे लुकलुकले, आणि मिनिटभरही झाले नसेल, मी बंद पडलो. भोंगा वाजू लागला. लेकीने झटकन स्विच वर करून मूळची वीज परत दिली, म्हणून अंड्यांचे काही बिघडले नाही. माझे पितळ मात्र उघडे पडले. पाहुण्यांच्या त्या टाळ्या आठवून मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मालकीणबाईंच्या तोंडचे पाणी पळाले होते. कारण त्यांच्या टेबलावर वीज कंपनीची नोटीस पडली होती. वाहिनीच्या दुरुस्तीसाठी येत्या गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी दोन वीज बंद. आणि गुरुवारी आतल्या अंड्यांचा विसावा दिवस होता. त्यांनी तिथूनच फोन लावून गुरुवारसाठी भाड्याचा जनरेटर ठरवला. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तोच ट्रक परत जाताना ह्याला भंगारात घेऊन जाऊ दे." आणि त्या आत गेल्या.

शेडमध्ये बाप, लेक आणि मी उरलो. लेक उलट्या डब्यावर बसून तपासणीचा कागद भरू लागली. "बिघाडाचे कारण" या ओळीशी तिचा पेन थांबला.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी लिहिते, इंजिन वयानं थकलं. अगदी खोटंही नाही ते. तुमचं एकच वर्ष राहिलंय नोकरीचं. कशाला कुणाचं बोट तुमच्याकडे?"

मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा हात माझ्या टाकीवर होता.

"आणि मग ह्याचं काय?"

"बाई म्हणाल्या ना. भंगार."

"आणि तसं नाही लिहिलं तर?"

"तर मी लोडची पेटी आणते. ह्याला दोन दिवस राबवून आतली घाण जाळून काढता येते का बघू. वाचेल असं छातीठोक नाही सांगत. पण मग कारण खरं लिहावं लागेल, बाबा. नऊ वर्षं बिनलोडचा चालवला म्हणून."

मामांनी फडके घडी घालून बाजूला ठेवले.

"कुणी चालवला, तेही लिही."

मित्रांनो, माणसाला चूक कबूल करताना मी त्याआधी पाहिले नव्हते. मला वाटे, ते काहीतरी मोठ्या आवाजात होत असेल. मामा नुसते उठले, चपला घातल्या आणि कागद हातात घेऊन स्वतः मालकीणबाईंकडे गेले. शेडच्या खिडकीसमोरच त्यांची खोली आहे, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मामा, तुम्ही?" मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तर लेकरासारखं जपता त्याला."

"तिथंच चुकलं, बाई. जपलं, पण काम दिलं नाही. तो आजारी होता आणि मी रोज त्याचं तोंड पुसून तुम्हाला दाखवत राहिलो."

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "नऊ वर्षं मला वाटत होतं, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे." हे शब्द मामांना ओरडण्यापेक्षा जास्त लागले असतील. मलाही लागले. मग वहीची पाने उलटण्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, "प्रत्येक महिन्याला खाली सही माझी आहे, मामा. मोकळा रकाना मलाही दिसायला हवा होता. दोन दिवस देते. गुरुवारी भाड्याचा ट्रक फाटकाशी उभा राहील. हा चालला तर ट्रक रिकाम्या हातानं जाईल. नाही चालला, तर ह्याला घेऊन जाईल."

मंगळवारी लेकीने मला अर्धे उघडले. डिझेल उडवणाऱ्या बारीक तोट्या काढून धुतल्या, गाळण्या बदलल्या, टाकीच्या तळाशी साठलेले पाणी सोडले. बॅटरीही बदलली. मामा म्हणाले, "चांगली आहे की अजून." ती म्हणाली, "ती मरायची वाट नाही बघायची, बाबा. तारखेला बदलायची."

बुधवारी लोडची पेटी आली. ही पेटी म्हणजे नुसत्या तापणाऱ्या तारांचे कपाट. तिला दुसरे काही येत नाही, फक्त वीज खायची. लेकीने आधी पाव भार टाकला, मग अर्धा, मग पाऊण. माझे अंग तापत गेले आणि नऊ वर्षांची काजळी जळू लागली. धूर एवढा, की शेजारच्या गोदामातून दोनदा माणूस विचारायला आला. सांध्यातून काळे ओघळ धो धो गळू लागले. मामांचा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"आज पुसू नका, बाबा," लेक म्हणाली. "आज गळू दे."

मामा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. दुपार कलली तसा धूर काळ्याचा करडा झाला आणि मग विरळ होत होत दिसेनासा झाला. लेकीने लांब पेचकस माझ्या अंगाला लावून कान दिला. मग तिथेच तिने डबा उघडून जेवण केले. सकाळपासून तिने घास घेतला नव्हता.

गुरुवारी साडेनऊला सगळे शेडमध्ये जमले. भाड्याचा जनरेटर ट्रकवर बसून फाटकाशी आला होता. लेक मालकीणबाईंना म्हणाली, "लाइनवाले दहाला वीज तोडतील. आपण आत्ताच तोडू. हा अडखळला तर लाइन अजून हाताशी आहे. परीक्षा द्यायची ती पाठीशी कुणी असताना." मग ती वडिलांकडे वळली. "स्विच तुम्ही पाडा."

"मला नाही जमायचं," मामा म्हणाले. "आज अंड्यांचा विसावा दिवस आहे."

"मी पाडला तरी तो पडेलच. पण तुम्ही ह्याच्याकडे जन्मभर आजाऱ्यासारखंच बघत राहाल, बाबा. टाका एकदा भार त्याच्यावर."

मामा स्विचपाशी गेले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे पाहिले, आणि स्विच पाडला.

आतले पंखे मंदावत थांबले. आजवर मी त्या इमारतीत इतकी शांतता ऐकली नव्हती. भोंगा वाजला. मी उठलो. पाच, सहा, सात सेकंद... आणि भार आला. आधी पंखे, मग तापवणारी यंत्रे, मग दिवे, एकामागून एक माझ्या पाठीवर येत गेले. माझा वेग क्षणभर खाली गेला. मालकीणबाईंनी ओठ दाताखाली धरले. मी एकच काळा लोट टाकला आणि सावरलो. साठच्या साठ घोडे एका दमात निघाले. आतून एका बाईचा आवाज आला, "आला बघ!"

मामा खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. लेक त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

दोन वाजता वीज परत येईपर्यंत मी न थांबता चाललो. ट्रकचा चालक तोवर झोपून उठला होता. त्याने डोकावून विचारले, "मग, नेऊ का ह्याला?" मालकीणबाई म्हणाल्या, "हात तर लावून बघा." दुसऱ्या दिवशी कवचे फुटली आणि भिंतीपलीकडून चिवचिवाटाचा जो गलका उठला तो शेडपर्यंत आला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुख्य स्विच पाडून माझ्यावर तासभर खरा भार टाकतात. उरलेल्या वर्षात मामांनी तो दर वेळी स्वतःच्या हाताने पाडला. आता ते निवृत्त झाले आहेत. त्यांची जागा घेणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्या दिवशी काय शिकवले असेल? पुसायच्या आधी बघायचे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. तुमच्या शाळेमागे, दुकानाखाली, कुठल्यातरी कोपऱ्यात माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याला स्वच्छ ठेवा, त्याचे तेलपाणी वेळेवर करा, पण त्याला त्याचे कामही द्या. तो नुसता चालू होतो का, एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला पेलते का, ते संकट येण्याआधी बघा.

माझ्यावर रागावणारे कुणी नव्हते, माया करणारेच भेटले, आणि त्या मायेने मी मरणाच्या दारात जाऊन उभा राहिलो. ज्याने मला तिथवर नेले त्यानेच मला परत आणले. त्यासाठी त्याला नऊ वर्षांचा आपला अभिमान स्वतःच्या लेकीसमोर आणि मालकिणीसमोर खाली ठेवावा लागला. तो गप्प राहिला असता, तर त्याला कुणी एका शब्दाने बोलले नसते आणि मी कधीच वितळून गेलो असतो. मी रोज जो श्वास घेतो तो त्या माणसाच्या चार खऱ्या शब्दांवर घेतो. त्याचे उपकार मला फेडता येणार नाहीत. वीज गेली की उठायचे, एवढेच माझ्या हाती आहे, आणि ते मी करीन.